बे दाहे वीस

निवड झाल्याची चिठ्ठी घेऊन कृष्णात परत आला त्या दिवशी गावाने पेढे वाटले. मीही खाल्ला. पण संध्याकाळी त्याच्याबरोबर गेलेला गुंडा हवालदार शाळेच्या ओट्यावर येऊन बसला आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाला, "मास्तर, गावाला सांगू नगा. पोरगं थोडक्यात वाचलंय."

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठेचाळीस सालची. पलूसच्या पलीकडे, कृष्णेच्या काठच्या आमच्या गावात मी प्राथमिक शाळेचा मास्तर होतो. कृष्णात माझ्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकला. वडील लढाईत गेले, घरी आई बनुबाई आणि दोन एकर ऊस. पुढे तो नाथाजी वस्तादांच्या तालमीत वाढला आणि चोविसाव्या वर्षी साऱ्या मुलखात त्याचं नाव झालं. त्या साली विलायतेत, लंडनला, सगळ्या जगाचे खेळ भरणार होते. त्यात कुस्तीही होती. उत्तरेत कुठेतरी निवडीच्या कुस्त्या झाल्या आणि आमचा कृष्णात निवडला गेला.

"थोडक्यात म्हणजे काय?" मी विचारलं.

"तिथं माती न्हाई, गादी असती. गडी चीत झाला म्हणून आपण ठरवायचं न्हाई. पंच वाकून बघतो, दोन्ही खांदं टेकल्यात का, आणि मग गादीवर थाप मारतो. थाप पडंपर्यंत गडी दाबून धरायचा. मी इटलीत गोऱ्या शिपायांच्या कुस्त्या बघितल्यात, मला ठावं हाय. ह्यो बाबा काय करतो? गडी उताणा पडला की टाणकन उठतो, आणि वर हात देतो त्येला! समोरच्यानं हात धरला न्हाई, पायच धरला. थाप पडलीच नव्हती."

"मग?"

"मग काय, नशीब. दुसऱ्यांदा पाडला, आणि तवा तो गडीच दमून हलंना. न्हाईतर आज पेढं कुणी खाल्लं असतं?"

गुंडा हवालदार हसला. मला हसू आलं नाही. कारण चीत झालेल्या माणसावरून ताबडतोब उठायचं आणि त्याला हात द्यायचा, हे कृष्णातला कोणी शिकवलं ते मला माहीत होतं. मी शिकवलं होतं.

तेव्हा तो आठ वर्षांचा असेल. मधल्या सुट्टीत त्याने आकारामला पाडलं आणि त्याच्या छातीवर बसून तोंडात माती कोंबायला लागला. मुलं टाळ्या वाजवत होती. मी छडी उचलली नाही. मला मुलांना मारायला कधी जमलं नाही. मी सगळ्यांना गोल बसवलं, धोतर सावरलं आणि अंगणात उताणा झोपलो. म्हणालो, "ये कृष्णात, बस माझ्या छातीवर." तो येईना. दोनतीनदा म्हटल्यावर आला आणि बसला. मी म्हणालो, "आता मला काहीच करता येत नाही. आता तू काय करशील ते सांग." तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग तो रडत उठला. मी त्याच्याकडे हात केला. त्याने ओढून मला उठवलं. "झालं," मी म्हणालो, "हीच कुस्ती. पाठ टेकली की संपली. मग हात द्यायचा."

तो धडा मी पुढे विसरलो. शिकवणाऱ्याला शिकवलेलं आठवतंच असं नाही. कृष्णात मात्र विसरला नाही. औंधच्या यात्रेत, खंडाळ्याच्या मैदानात, कुठेही त्याने गडी मारला की हलगी कडाडायच्या आत तो उठलेला असे आणि त्याचा हात खाली गेलेला असे. लोकांना ते फार आवडे. मैदानात पाठ टेकलेली हजार डोळ्यांना दिसते, तिथे थापेची गरज नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तालमीत गेलो. नाथाजी वस्ताद साठीचे, कान चुरमडलेले, आवाज दाराबाहेर ऐकू येणारा. गुंडा हवालदाराने त्यांनाही सांगितलं होतं.

"या मास्तर," ते म्हणाले. "आलासा व्हय तुमची करणी बघायला? मी ह्येला चाळीस डाव शिकवलं. तुमी एकच शिकवला, आन् तेवढाच पक्का बसला बघा."

"किती दिवस आहेत?"

"जायला सहा आठवडं. सोळा वर्सांची खोड सहा आठवड्यांत काढायची. काढा तुमीच."

गादी कुठून आणायची हा पहिला प्रश्न होता. वस्तादांनी उसाचं पाचट टाकून घेतलं, त्यावर बनुबाईने जुन्या वाकळा एकाला एक शिवून पसरल्या आणि वरून शाळेचं जाजम ताणून खिळे ठोकले. ते जाजम शाळातपासनीस आले की अंथरायचं होतं. खरं सांगतो, मी ते कोणाला न विचारता दिलं.

त्या गादीवर कृष्णात चालला तेव्हाच त्याची पावलं चुकल्यासारखी पडली. मातीत अंगठा रुततो. इथे घसरत होता. पण त्याची त्याला भीती नव्हती. "पावलाचं जमंल," तो म्हणाला. त्याच्यासमोर धुळा नावाचा तालमीतला दांडगा गडी उभा केला. दोनच मिनिटांत कृष्णातने त्याला उताणा केला आणि उठला. वस्ताद ओरडले, "दाब!" तोवर हात खाली गेला होता.

पुन्हा. पुन्हा तेच. दहा वेळा झालं.

"का उठतोस रं?" वस्तादांनी विचारलं.

"मी उठत न्हाई वस्ताद. उठलं जातं."

"धुळ्या, तू खालनं शिव्या दे ह्येला. मग तरी दाबंल."

धुळ्याने दिल्या. वस्तादांच्या अपेक्षेपेक्षा बऱ्याच जास्त दिल्या. कृष्णात हसत सुटला आणि हात आणखी लवकर सुटला.

चार दिवस असे गेले. मी शाळा सुटली की जाऊन बसत असे. पाचव्या दिवशी मी उपरणं काढून ठेवलं आणि त्या जाजमावर उताणा झोपलो. माझं वय तेव्हा अठ्ठावन्न होतं.

"आवं गुरुजी, काय करताय!" कृष्णात दोन पावलं मागे सरला.

"दाब मला."

"न्हाई जमायचं."

"ज्या जागी चुकीचं शिकवलं त्याच जागी दुरुस्त करतोय. ये."

"चुकीचं न्हाई शिकवलं तुमी," तो हळूच म्हणाला.

ते वाक्य माझ्या छातीवर त्याच्याहून जड बसलं. मी म्हणालो, "चुकीचं नाही, अर्धं शिकवलं. कुस्ती संपली की हात द्यायचा हे खरं. पण संपली कधी, हे तू ठरवायचं नाहीस. तिथे पंच ठरवतो. थाप पडेपर्यंत तो माणूस हरलेला नाही, तो तुझ्याशी लढतोच आहे. लढणाऱ्याला सोडणं म्हणजे त्याला कमी लेखणं. कळलं?"

"कळलं."

"मग ये."

तो आला. त्याने माझे खांदे इतक्या हळू धरले की वस्ताद म्हणाले, "आरं, बाळंतिणीला उठवतोय का झोपवतोय?" सगळी तालीम हसली; मला ते हसू अजून ऐकू येतं. पण पापणी लवायच्या आत कृष्णातचे हात सुटले.

त्याला कळलं होतं, पण हाताला कळलं नव्हतं. मुलांचं असंच असतं. बेरीज समजते, तरी हातचा विसरतात. अशा वेळी समजावून उपयोग नसतो, हाताला काम द्यावं लागतं. मी झोपल्याझोपल्या विचारलं, "कृष्णात, बेचा पाढा येतो का रे अजून?"

"येतो की. तेवढाच येतो."

"मग असं कर. गडी उताणा झाला की मनात पाढा सुरू करायचा. बे एके बे. बे दाहे वीस होईपर्यंत हात काढायचा नाही. तुझा पाढा अर्ध्यात सुटला की मी काय करत होतो?"

"परत पहिल्यापासनं म्हणायला लावायचा."

"मग इथेही तेच."

पहिल्या दिवशी तो बे त्रिक सहावर सुटला. मी म्हणालो, "पुन्हा." आठवड्यात बे पंचे दहापर्यंत गेला. धुळा खालून म्हणायचा, "जरा लवकर म्हण गड्या, माझा जीव चाललाय." चौथ्या आठवड्यात एका सकाळी मी बाहेरून येत होतो तर आतून मोठ्याने ऐकू आलं, "बे नव्वे अठरा, बे दाहे वीस!" आणि वस्तादांनी जाजमावर थाप मारली. कृष्णातने मग हात दिला. धुळा उठून अंग झाडत म्हणाला, "आता विलायतेत काय बी होऊ दे, मी सुटलो."

पुढचे दोन आठवडे तो एकदाही वीसच्या आत सुटला नाही. तरी माझी झोप गेली. तालमीत धुळा होता, वस्ताद होते, मी होतो. तिथे कोण असणार होतं?

किर्लोस्करवाडीच्या स्टेशनवर आम्ही त्याला पोचवायला गेलो. बनुबाईने दशम्या बांधल्या होत्या. वस्तादांनी तालमीतली चिमूटभर माती फडक्यात बांधून दिली. गाडी हलली तेव्हा मी खिडकीबरोबर चालत गेलो. म्हणालो, "वीस."

"वीस," तो म्हणाला.

तिथून त्याचं एक पत्र आलं, कुस्त्या सुरू व्हायच्या आधी लिहिलेलं. बनुबाईला मी ते वाचून दाखवलं. गादी मऊ आहे, पाऊल ठरतं, जेवण बेचव आहे, सगळे चांगले वागतात. शेवटी माझ्यासाठी एक ओळ होती: 'गुरुजींना सांगा, पाढा रोज म्हणतो.' बनुबाईने ती ओळ तीनदा वाचायला लावली. "पाढा कशाला म्हणतोय तिथं जाऊन?" तिने विचारलं. मी तिला सगळं सांगितलं. तिने पत्र माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे पडल्याला दाबायचं शिकवलंसा व्हय."

"थाप पडेपर्यंत, बनुबाई."

"व्हय, व्हय. थाप पडंपतोर," ती म्हणाली आणि पत्र घडी करून पदराला बांधलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुण्याचा पेपर आला. गुंडा हवालदार स्टेशनवरून तो घेऊन सायकलवरून आला आणि शाळेच्या दारातच त्याने तो माझ्या हातात दिला. कुस्तीबद्दल चारच ओळी होत्या. कृष्णातचं नाव एका ओळीत होतं: पहिली कुस्ती जिंकली, दुसरी गुणांवर हरला, तिसऱ्या कुस्तीत चीत झाला आणि दोन पराभवांमुळे स्पर्धेबाहेर.

बाकी काही नव्हतं. कसा हरला, का हरला, काही नाही.

वस्ताद तालमीच्या पायरीवर बसले होते. मी ओळ वाचली. त्यांनी ती पुन्हा वाचायला सांगितली.

"तिसऱ्याचं जाऊ द्या. जगात आपल्यापेक्षा थोर गडी असत्यात. पर दुसरी? गुणांवर? त्येला गुणांवर कुस्ती खेळायचीच ठावं न्हाई. त्यो एकतर मारतो, न्हाईतर मरतो. मास्तर, त्येनं ह्यो गडी मारला हुता, आन् सोडला. लिहून घ्या माझ्याकडनं."

"आपल्याला माहीत नाही, वस्ताद."

"मला ठावं हाय. तुमच्या शाळेनं घात केला."

ते रागाने बोलले आणि लगेच खाली बघायला लागले. मलाही तेच वाटत होतं.

त्यानंतरचे चार आठवडे कसे गेले ते मी नीट सांगू शकत नाही. बोट येईपर्यंत कळायला मार्ग नव्हता. घरी गुणमाला, माझी बायको, ताट वाढून हाका मारायची आणि मी ओसरीवर बसून तीच कुस्ती पुन्हा पुन्हा बघत असायचो, न पाहिलेली. कधी तो बे चोक आठवर सुटायचा, कधी बे सक बारावर. "खेळात हारजीत असतेच की," गुणमाला म्हणायची. मी तिला कसं सांगणार, की हरण्याची भीती नव्हती. एका मुलाच्या हातात मी सोळा वर्षांपूर्वी काहीतरी ठेवलं होतं आणि ते नेमक्या वेळी उघडलं असेल, याची भीती होती. तसं असेल तर तो मला दोष देणार नाही हेही मला माहीत होतं, आणि त्याने तर जीव आणखीच कासावीस व्हायचा.

वर्गातही माझं लक्ष लागेना. दुसरीच्या मुलांना मी तो महिनाभर पाढे म्हणायला लावलेच नाहीत. बाराखडी घेतली, कविता घेतल्या.

सप्टेंबरच्या सुरुवातीला तो आला. स्टेशनवर हलगी होती, गुलाल होता. हरून आला तरी गावचा पोरगा विलायतेला जाऊन आला होता. तो बनुबाईच्या पाया पडला, वस्तादांच्या, मग माझ्या. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. काही कळलं नाही.

दुपारी तालमीत आम्ही पाचजण होतो. तो, वस्ताद, गुंडा हवालदार, बनुबाई दाराशी, आणि मी. जाजम अजून तसंच खिळलेलं होतं.

"सांग," वस्ताद म्हणाले.

"पहिला गडी वयानं थोर हुता. त्येला पाडला, वीस म्हटलं, थाप पडली. त्येला हात दिला. त्येनं पाठ थोपाटली."

"आन् दुसरा?"

कृष्णात जाजमाचा धागा ओढत बसला. "दुसरा तरणा हुता. माझ्याच वयाचा. लय चपळ. धा मिनिटं काय लागू दिना. मग मी त्येला ढाक मारली आन् उताणा केला. दोन्ही खांदं टेकलं. मी पाढा सुरू केला."

"पंच?"

"पंच पलीकडल्या बाजूला हुता. गुडघ्यावर आला, वाकला. बघतच हुता." तो थांबला. "त्या गड्याचा उजवा हात त्येच्याच पाठीखाली मुडपला हुता. मी जसा दाबला तसा त्यो वरडला. आपल्यावानीच वरडला. आई म्हटल्यासारखं."

गुंडा हवालदाराने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"कितीवर हुतास?" वस्तादांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका खाली मी कधी ऐकला नव्हता.

"बे अठ्ठे सोळा."

"आन् सोडलास."

"व्हय."

"मग?"

"मग त्यो फिरला, उठला. राहिलेल्या वेळात माझ्याभवती नाचला. कडंला बसल्याल्या तीन पंचांतल्या दोघांनी कुस्ती त्येला दिली, एकानं मला."

वस्ताद उठले, भिंतीपर्यंत गेले, परत आले. "सोंग असंल रं! सुटायला वरडला असंल!"

"असंल बी."

"हात मोडणार हुता का त्येचा?"

"काय ठावं वस्ताद," कृष्णात म्हणाला. "सोडला, म्हणून कळलं न्हाई."

दाराशी बनुबाईने पदर तोंडाला लावला होता. मला जे विचारायचं होतं ते चार आठवडे माझ्या जिभेवर होतं. विचारू नये असं वाटत होतं, पण विचारलं.

"कृष्णात, त्या वेळी तुला शाळेतलं काही आठवलं का?"

त्याने वर बघितलं. खोटं बोलायचं असतं तर त्याला तेव्हा बोलता आलं असतं. माझ्यावरचा त्याचा जीव मला माहीत होता.

"आठवलं काईच न्हाई गुरुजी. पाढाच म्हणत हुतो. हात आपसूक उठलं."

मी मान हलवली. वस्तादांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ते बोलतील, मागे बोलले तसं. पण ते जाजमाच्या कडेला उकिडवे बसले आणि बोटाच्या नखाने एक खिळा उचकटायला लागले.

"तिसऱ्यानं मला चांगला मारला," कृष्णात म्हणाला, जणू ते सांगायचं राहून गेलं होतं. "डोंगरासारखा गडी. माझ्या छातीवर पडून राहिला. मी खालनं पाढा म्हणत हुतो, त्येचा. बे पंचे धाला थाप पडली. मग त्येनं मला हात दिला. लय मोठा हात."

"शाळंचं जाजम हाय ह्ये," वस्ताद म्हणाले. "फाटंल. धर रं हिकडनं."

दोघांनी मिळून ते सोडवलं, झाडलं, गुंडाळलं. कृष्णातने ते खांद्यावर घेऊन शाळेत आणून टाकलं. जाताना दारात थांबून म्हणाला, "दोन आकडं राहिलं हुतं गुरुजी. दोनच." मी म्हणालो, "हो."

दुसऱ्या दिवशी दुसरीच्या वर्गाला मी पाढे म्हणायला सांगितले. मुलं खुश झाली. पाढे त्यांना आवडतात, ओरडायला मिळतं. बे एके बे, बे दुणे चार. मी खडू हातात धरून फळ्याशी उभा होतो. बे सत्ते चौदा. बे अठ्ठे सोळा. तिथे माझा हात आपोआप वर गेला आणि सगळा वर्ग एकदम थांबला.

मुलं माझ्याकडे बघत राहिली. पुढच्या रांगेतल्या कस्तुरीने विचारलं, "चुकलं व्हय गुरुजी?"

"नाही," मी म्हणालो. "चुकलं नाही. म्हणा पुढे, सोळापासून."